आधीच मानलेले आभार

रविवारच्या उपासनेत साक्षी द्यायची वेळ झाली आणि व्हर्लीन मावशी उठली, तेव्हा रेनिटाला त्यात काही विशेष वाटलं नाही. मावशी दर रविवारी उठायचीच. कधी घरातला हीटर परत सुरू झाला म्हणून, कधी डॉक्टरने साखर उतरली सांगितलं म्हणून. टोपी नीट करायची, पुढच्या बाकाची पाठ धरायची आणि प्रभूचे उपकार मानायचे. त्या दिवशी मात्र तिने जांभळी टोपी घातली होती. ती टोपी मोठ्या कामालाच खोक्यातून बाहेर निघते, एवढं तरी रेनिटाने ओळखायला हवं होतं.

"मी प्रभूचे आभार मानते," मावशी म्हणाली, "की आमची रेनिटा मोठ्या विद्यापीठात गेली. इंजिनियरिंगच्या वरच्या शिक्षणाला, डॉक्टरेटला. घेतलं तिला त्यांनी."

सगळ्या मंडळीने आमेन म्हटलं. ऑर्गनवाल्याने हौसेने दोन सूर दाबले. मागच्या बाकावरून कुणीतरी रेनिटाच्या खांद्यावर थाप मारली. आणि रेनिटाचे हातपाय गार पडले.

तिला कुणीच घेतलं नव्हतं. घेतील कसे? अर्ज अजून अर्धाच भरला होता. स्वतःविषयीचा निबंध लिहून झाला होता, तीन शिफारसपत्रांपैकी दोन पोचली होती, आणि तिसरं तिने अजून मागितलंच नव्हतं. महिनाभर ती त्या अर्जाकडे, अंगणात साप दिसावा तशी लांबून बघत होती.

आमच्या या गॅरी गावातल्या जुन्या मंडळींची ही रीत आहे. जे हवं ते मिळालंच असं धरून आधी आभार मानून मोकळं व्हायचं. मागत बसायचं नाही. मागणं म्हणजे शंका, आणि शंका म्हणजे देणाऱ्याचा अपमान. आमच्या आज्या दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या कापसाच्या शेतांतून इकडे उत्तरेत आल्या, तेव्हा हातात तिकीट नसताना त्यांनी गाडीत बसवल्याबद्दल आभार मानले होते. ज्याच्या मुठीत काही नसतं त्याने चालायचं कशाच्या जोरावर? बाहेरच्यांना याचं हसू येतं. येऊ दे. बँका न आलेल्या पैशांवर मजल्यावर मजले चढवतात, त्यांना कुणी भोळसट म्हणत नाही.

पण आता मंडळीत निम्मी माणसं नवीन होती. कारखान्यातली माणसं कमी झाली, वस्त्या उठल्या, चर्च बंद पडली, आणि तिकडची माणसं आमच्याकडे आली. त्यांच्याकडे बोललं म्हणजे झालं, असा रोखठोक हिशोब. त्यांतलेच एक ल्युशस फॅरो, आमचे डीकन, म्हणजे चर्चचे कारभारी. गावाला पाणी पुरवणाऱ्या, तळ्याकाठच्या ज्या पंपघरात रेनिटा काम करायची, तिथले सुपरवायझरही तेच. भला माणूस. कानाने ऐकलेलं हातावेगळं करून टाकणारा.

उपासना सुटल्यावर त्यांनी रेनिटाचा हात दोन्ही हातांत धरला. आपल्याला आधी का सांगितलं नाहीस म्हणून लटकं रागावले. रेनिटाने तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. पण शेजारी मावशी उभी होती, जांभळ्या टोपीत, पाठ ताठ करून. आई गेल्यावर, वडील कारखान्यात राबत असताना, तिने रेनिटाला पदरी घेतलं होतं, दवाखान्यात धुणी धुऊन वाढवलं होतं. भर मंडळीत तिला खोटी पाडायची? रेनिटाच्या तोंडून निघालं, "आभारी आहे, डीकन." तेवढ्याने गाठ पक्की बसली.

पुढच्याच आठवड्यात डीकननी पंपघरात सगळ्यांना बोलावून सांगितलं की शिफ्टच्या मुख्याची जागा रिकामी होतेय, ती आता रेनिटाच्याच पाळीतल्या मार्क्विटाला मिळेल. ती जागा रेनिटाची होती. तसं ठरलेलंच होतं. पण डीकन म्हणाले, रेनिटा उन्हाळा संपता संपता जाणार, मग उगाच जागा अडवून काय करायची? ते तिच्याकडे बघून हसले. त्यांना वाटलं, आपण दोघींचंही भलं केलं.

मार्क्विटाने तिला मिठीच मारली. मार्क्विटा दोन लेकरांची आई, नवरा परागंदा. डोळ्यांत पाणी होतं तरी जिभेला खाज होतीच. "काय डॉक्टरीणबाई, आता आमच्या पाण्याला हात लावाल की हातमोजे आणू?" सगळे हसले. रेनिटाही हसली. मग ती टाकीमागे गेली आणि लोखंडी कठड्याला धरून उभी राहिली. तिच्या छातीत पंप सुरू झाला होता, आणि त्याचं बटण काही सापडत नव्हतं.

मागचा रस्ता असा बंद झाला. पुढच्या रस्त्यावर वोयचिक सर बसले होते.

वोयचिक सर गावातल्या लहानशा कॉलेजात उष्णतेचं शास्त्र शिकवायचे. थर्मोडायनॅमिक्स. दुसरं कुणी ते शिकवतच नव्हतं, त्यामुळे पळायला वाट नव्हती. काम करून संध्याकाळी शिकणारी रेनिटा पहिल्यांदा त्यांच्या वर्गात बसली, त्या वर्षी ऑक्टोबरात मधली परीक्षा झाली. पेपर समोर आला. पाच प्रश्न. पहिला वाचला, कळला नाही. दुसरा वाचला, पहिलाही विसरला. अक्षरं नुसती बघत राहिली तिच्याकडे. ती उठली, कोरा कागद सरांच्या टेबलावर ठेवला आणि बाहेर पडली. पुन्हा त्या वर्गात पाऊल टाकलं नाही. गुणपत्रकावर नापासाचं अक्षर बसलं ते बसलंच. पुढच्या वर्षी त्याच माणसासमोर तोच विषय घेऊन ती बऱ्यापैकी पास झाली, आणि शेवटचा प्रकल्पही त्यांच्याच हाताखाली केला. पंपातल्या पाण्यात वाफेचे बुडबुडे होतात, फुटतात, आणि फुटता फुटता लोखंडाची पाती कुरतडतात. ते कसं रोखायचं, याचा तो प्रकल्प. मोठ्या विद्यापीठात तिला हेच पुढे शिकायचं होतं. म्हणजे तिसरं पत्र वोयचिक सरांचंच हवं. आणि सरांना तो कोरा कागद आठवत असणार.

त्या कागदाबद्दल निबंधात काय लिहायचं, हे कॉलेजातल्या सल्लागार बाईंनी तिला सांगितलं होतं. तिचे वडील त्याच हिवाळ्याच्या तोंडावर गेले होते, कारखान्याच्या धुळीने फुप्फुसं भरून. बाई म्हणाल्या, हेच लिही, प्रवेश देणाऱ्या समितीच्या लोकांना संकटावर मात केलेली फार आवडते. बाई वाईट नव्हत्या. पण बघा, आमच्या दुःखाला बाजारात भाव आहे, आम्हाला नाही. दार उघडायचं तर आधी आपलं मयत उंबऱ्यावर मांडून दाखवा. रेनिटाने मांडलं. लिहिलं की वडील गेले आणि माझं लक्ष उडालं. वडील गेले ते नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आदल्या आठवड्यात. पेपर ऑक्टोबरातला. आधी काय आणि नंतर काय, हे फक्त तिला ठाऊक होतं.

अर्जाची मुदत संपायच्या आठवड्यात ती सरांच्या खोलीपर्यंत गेली. दारावर हात नेला आणि खाली घेतला. समोर सूचनाफलक होता, तो वाचत उभी राहिली. एक सूचना तिने इतक्यांदा वाचली की ती तोंडपाठ झाली.

"मिस गोल्स्टन," पाठीमागून आवाज आला, "ती सूचना गेल्या वर्षीची आहे."

सर कॉफीचा मग घेऊन उभे होते. उंच, वाळलेले, स्वेटरच्या कोपरावर ठिगळ. त्यांनी दार उघडलं आणि तिला आत यायला वाट दिली. तिने बसायच्या आतच सांगून टाकलं, सर, मला पत्र हवंय. कुठलं, कशासाठी, सगळं एका दमात.

सरांनी मग टेबलावर ठेवला. "तुम्ही एकदा इथे कोरा कागद ठेवून गेला होतात. तेही मला लिहावं लागेल."

"हो, सर."

"गोड पत्रं लिहिणारे पुष्कळ आहेत. मी जसं आहे तसं लिहितो. विचार करा आणि सांगा."

असं कुणी म्हणालं की आभार मानून निघून यायचं असतं. सल्लागार बाईंनी बजावलं होतं, इतर विद्यार्थ्यांनी बजावलं होतं. कोमट पत्रापेक्षा नसलेलं पत्र बरं. रेनिटाला सगळं आठवत होतं.  पण परत जाऊन मंडळीपुढे उभं राहायचं तर काय सांगून?

"लिहा, सर," ती म्हणाली.

"मुदत?"

"शुक्रवार."

सरांनी चष्मा काढला. "सप्टेंबरपासून तुम्ही रोज माझ्या दारावरून जाताय. मला वाटलं, पार्किंगला हा जवळचा रस्ता असेल."

घरी येऊन तिने सरांचं नाव अर्जात भरलं. अर्जात शेवटी एक चौकोन असतो: हे पत्र मी कधी बघायला मागणार नाही. तिने त्यात खूण केली. डोळे बांधून कुणाच्या तरी हातून पाणी प्यावं तसं. पत्र शुक्रवारी पोचलं. त्यात काय होतं ते तिला तेव्हा कळलं नाही आणि आजही ठाऊक नाही.

जानेवारीत विद्यापीठाचा निरोप आला: दोन प्राध्यापक कॉम्प्युटरवर मुलाखत घेतील. घरी बोलणं शक्य नव्हतं. मावशी दाराआड उभी राहून मोठ्याने प्रार्थना करणार आणि ती पलीकडे ऐकू जाणार. म्हणून रेनिटाने चर्चमधली लहान मुलांच्या शाळेची खोली मागून घेतली. भिंतीवर बायबलातल्या प्रलयाची कागदी नौका, तिच्यातून डोकावणारे जिराफ. खुर्च्या सहा वर्षांच्या पोरांच्या मापाच्या. एकीवर बसली तर गुडघे हनुवटीला टेकले. पलीकडे स्वयंपाकघरात बॉयकिन आजी आणि दोन बायका विक्रीसाठी मासे तळत होत्या. त्यांना तिने सांगितलं होतं की वर्गांच्या वेळा ठरवायच्या आहेत. एक थाप झाकायला दुसरी थाप.

पडद्यावर डॉक्टर क्राउस नावाच्या वयस्क बाई होत्या आणि एक तरुण प्राध्यापक. आधी प्रकल्पाविषयी विचारलं. ते तिने सांगितलं, बरं सांगितलं. तेवढ्यात दार ढकलून बॉयकिन आजी आत आल्या. चर्चमधली सगळ्यांत म्हातारी बाई, तिला कुणी अडवत नाही. माशांची बशी कॉम्प्युटरशेजारी ठेवली, वाकून पडद्याकडे बघितलं.

"त्यांनी जेवण केलंय का विचार," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

क्राउस बाई हसल्या. रेनिटाला वाटलं, चला, जमतंय. आणि तेव्हाच त्या तरुणाने प्रश्न टाकला. तळ्याचं पाणी उन्हाळ्यात कोमट होतं. पंप तोच, पाण्याची खोली तीच. बुडबुडे कधी सुरू होतील, आणि ते कुठल्या सूत्राने काढाल?

लवकर सुरू होतील, एवढं तिला ठाऊक होतं. पंपघरातल्या कुणालाही ठाऊक असतं. पण सूत्र? तिने डोक्यात हात घातला आणि आत काहीच लागलं नाही. पांढरं. ऑक्टोबरातल्या कागदासारखं पांढरं.  पावलं तर आधीच दाराकडे वळली होती, तिला न विचारता. ती उठलीच असती. पण त्या पोरांच्या खुर्चीतून मोठ्या माणसाला चटकन उठता येत नाही. आधी बाजूला कलावं लागतं, हात टेकावा लागतो. तेवढ्या वेळात तिचा एक श्वास आत गेला.

"आत्ता आठवत नाही," ती म्हणाली. "जेवढं येतं तेवढं सांगते."

निम्मं आलं. बाकीचं आलं नाही. कुठवर येतंय आणि कुठून पुढे येत नाही, ते तिने सांगितलं. तरुणाने काहीतरी लिहून घेतलं. चेहऱ्यावरून काही कळेना.

मग क्राउस बाईंनी आवाज मऊ केला. गुणपत्रकावर एक नापास दिसतो, तो वडील गेल्यानंतरचाच ना? आम्ही निबंध वाचला, वाईट वाटलं. उत्तर ताटात वाढून आलं होतं. नुसती मान हलवायची होती.

पण मान हलेना. वडिलांचा चेहरा समोर आला. शेवटच्या दिवसांत तिने पास झाले म्हणून थाप मारली होती, आणि ऑक्सिजनच्या नळीतून ते हसले होते.

"नाही," ती म्हणाली. "वडील नंतर गेले. परीक्षा आधी होती. मी घाबरून उठले."

"पण तुम्ही लिहिलंय..."

"लिहिलंय. मागचं पुढे केलंय."

"का?"

"तुम्हाला तसं आवडतं, असं मला सांगितलं होतं."

तरुणाने पेन खाली ठेवलं. मग क्राउस बाईंनी आभार मानले, कळवू म्हणाल्या, आणि पडदा काळा झाला. त्यात रेनिटाला आपला चेहरा दिसला आणि मागे जिराफ. मासे थंड होऊन गेले. तिने तुकडाही चाखला नाही.

बुडालं, हे तिने धरूनच टाकलं. आणि इकडे मावशीने अन् बायकांनी फेब्रुवारीतला शेवटचा रविवार ठरवला, रेनिटाच्या निरोपाचा. निरोप इतक्या लवकर का, तर उन्हाळ्यात निम्मी माणसं गावाला जातात. लाल सुटकेस आणली. केक सांगितला. वाटेत भेटेल तो पाठ थोपटायचा, आणि प्रत्येक थापेसरशी रेनिटा जमिनीत वीतभर खाली जायची. तिला दोन वेळा स्वप्न पडलं की ती सुटकेस घेऊन पंपघरात परत आलीय आणि मार्क्विटा विचारतेय, काय हवंय बाई?

अखेर शनिवारी तिने मावशीला सांगितलं. मावशी स्वयंपाकघरात उद्याच्या जेवणासाठी कोलार्डच्या भाजीची पानं धूत होती.

"मावशी, मला घेतलेलं नाही. तू साक्ष दिलीस तेव्हा माझा अर्ज गेलाही नव्हता."

"ठाऊक आहे मला," मावशी पानावरची माती चोळत म्हणाली. "अर्ज त्या टेबलावर होता आणि तू भिंतीकडे बघत होतीस. मी माझ्या देवाचे आभार मानले. तुझ्या विद्यापीठाचे नाही. त्याचं-माझं असंच चालतं. तू लहानपणी तापाने फणफणलीस, तेव्हा डॉक्टर यायच्या आधीच मानले होते."

"पण लोकांना खरं वाटलं. डीकनना खरं वाटलं. त्यांनी माझी जागा मार्क्विटाला दिली."

मावशीचे हात थांबले. पाणी तसंच वाहत राहिलं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पंपघरातलं बोलणं पंपघरात राहिलं होतं, आणि रेनिटाने घरी चकार शब्द काढला नव्हता.

"ल्युशसने दिली?"

"हो."

"मग ती परत मागता येणार नाही."

"नाही. तिला दोन लेकरं आहेत."

मावशीने नळ बंद केला. दवाखान्यात मुकादमाशी भांडणारी, पोलिसांची गाडी दारात थांबली तेव्हा कमरेवर हात ठेवून बाहेर जाणारी मावशी. तिचा चेहरा घाबरलेला कसा दिसतो, हे रेनिटाने आजवर बघितलं नव्हतं. बघितलं नसतं तर बरं झालं असतं.

"उद्या मी उठते," मावशी बारीक आवाजात म्हणाली. "माझ्या तोंडाने गेलं, माझ्या तोंडाने परत येईल."

"नको," रेनिटा म्हणाली. "मी उठेन."

रविवारी ती उठली. पुढच्या बाकाची पाठ धरली. साक्ष द्यायला ती याआधी कधी उभी राहिली नव्हती. टेबलावर केक होता, त्यावर साखरेच्या अक्षरांत डॉ. रेनिटा. लाल सुटकेसला फीत बांधलेली.

"मला विद्यापीठाने घेतलेलं नाही," ती म्हणाली. "मावशीने आधीच आभार मानले होते आणि मी गप्प बसले. मुलाखत झाली, ती बिघडली. घेतील की नाही ठाऊक नाही. मला फार भीती वाटतेय. एवढीच साक्ष आहे."

आमेन म्हणायचं की नाही, हे कुणाला कळेना. पाळकांनी घसा खाकरला. मावशी समोर बघत बसली होती, टोपीवरचं पीस थरथरत होतं. मग पहिल्या बाकावरून बॉयकिन आजींचा आवाज आला.

"बस खाली, पोरी. आम्हाला काय ठाऊक नव्हतं? या व्हर्लीनने माझ्या गुडघ्याचेही आभार मानून ठेवलेत. तीन वर्षं झाली. अजून दुखतोय."

जुनी मंडळी आधी हसली, मग नवी. पाळक हसले. मावशीसुद्धा नाकातून हसली, नको असताना. डीकन फॅरो तेवढे हसले नाहीत. जेवणाच्या वेळी ते रेनिटाजवळ आले, टोपी हातात फिरवत. म्हणाले, मी तुला विचारायला हवं होतं. रेनिटा म्हणाली, मीही सांगायला हवं होतं. जागेविषयी दोघंही बोलले नाहीत. मार्क्विटा दोन टेबलांपलीकडे मान खाली घालून लेकरांना भरवत होती. तिला कुणी काही म्हणालं नाही, पण तिचं स्वतःचं ताट तसंच होतं.

केक वाया कशाला घालवायचा म्हणून कापला. बॉयकिन आजींनी सुरी हातात घेतली आणि डॉ. लिहिलेला तुकडा तेवढा वेगळा काढला. तो कागदात गुंडाळून चर्चच्या फ्रीझरमध्ये ठेवायला लावला. "हा खायचा नाही कुणी," म्हणाल्या. "रेनिटा तेवढी उरली, ती वाढा."

मार्चमध्ये पंपघरात जेवणाच्या सुट्टीत तिच्या फोनवर निरोप आला. ती बाहेर गेली, तळ्यावरच्या वाऱ्यात, आणि बर्फाच्या कडेला उभी राहून वाचला. दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा भलतंच वाचल्यासारखं वाटलं. घेतलं होतं. अट घालून घेतलं होतं. पहिल्या सत्रात उष्णतेच्या शास्त्राचा वरचा अभ्यासक्रम घ्यावा लागेल आणि त्यात चांगली श्रेणी मिळवावी लागेल. नाही मिळाली तर परत.

आनंद दारात आला तो भीतीचं बोट धरूनच. तोच विषय. तोच पाच प्रश्नांचा कागद. आणि तिथे पोरांच्या खुर्च्या नसणार.

त्या दिवशी काम सुटल्यावर ती थेट कॉलेजात गेली. सूचनाफलकाकडे बघितलं नाही. दार वाजवलं.

"सर, त्यांनी घेतलं. पण तीच परीक्षा पुन्हा आहे. मला आत्ताच घाम फुटतोय. म्हणून आधीच विचारायला आले."

वोयचिक सरांनी तिच्याकडे बघितलं. अभिनंदन केलं नाही. खणातून एक कोरा कागद काढून टेबलावर, तिच्या बाजूला ठेवला.

"मंगळवारपासून या. पाच प्रश्न देईन. चुकीचं लिहा, अर्धं लिहा. कोरा मात्र मी आता परत घेणार नाही."

पहिल्या मंगळवारी ती दोनदा उठून दारापर्यंत गेली. सर वर्तमानपत्र वाचत होते. दार उघडंच होतं, त्यांनी ते मुद्दाम उघडं ठेवलं होतं. दोन्ही वेळा ती परत येऊन बसली. त्या दिवशी कागदावर दोन ओळी उतरल्या, त्यातली एक चूक. मे महिन्यात कागद भरायला लागला. भीती गेली, असं कुणी समजू नये. ती दर मंगळवारी तिच्या आधी येऊन खुर्ची अडवून बसायची. रेनिटा तिच्या शेजारी बसायला शिकली, एवढंच.

ऑगस्टात निघायच्या आदल्या रविवारी मावशीने पुन्हा जांभळी टोपी काढली. रेनिटाने तिला शपथ घातली होती: परीक्षेबद्दल एक अक्षर काढायचं नाही, आभार नाहीत, काही नाही. जे होईल ते झाल्यावर. मावशीने कबूल केलं होतं, पण औषध गिळावं तसं तोंड करून.

साक्षींची वेळ झाली. मावशी उठली. टोपी नीट केली, बाकाची पाठ धरली, तोंड उघडलं आणि मिटलं. सगळे थांबले.

"माझी एक साक्ष आहे," मावशी म्हणाली. "पण ती मला आत्ता सांगायची मनाई आहे."

"मग बस ना खाली, व्हर्लीन," बॉयकिन आजी म्हणाल्या.

"बसते. उभी राहिले होते, एवढं त्याने बघितलं म्हणजे झालं."

मंडळी हसत असतानाच ती खाली बसली. रेनिटाने तिला कोपराने ढोसलं आणि बाकाखाली हात पुढे केला. आपला हात गार पडलाय, हे तिला ठाऊक होतं. मावशीचा हात तिच्याहून गार होता.